क्रियापद सापडले की वाक्य सापडते

पाथर्डी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण



आज मला इंग्रजी व्याकरणावर बोलायचे आहे. विषयाचे नाव ऐकूनच काही विद्यार्थ्यांनी माना खाली घातल्या असतील आणि काही पालकांना वाटले असेल की, हे भाषण आपल्यासाठी नाही. म्हणून प्रथमच सांगतो, हे भाषण विद्यार्थ्यांइतकेच पालकांसाठी आहे. ज्या आईवडिलांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही त्यांच्यासाठी तर ते विशेष आहे. त्यांनाही वाचता यावे म्हणून या स्मरणिकेत सर्व इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत छापली आहेत.

दहावीचा निकाल लागला की आपल्या गल्लीत एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्याचा एक विषय गेला." कोणता, असे विचारावेच लागत नाही. पस्तीस गुणांची ती एक पायरी चढता आली नाही म्हणून मुलगा गॅरेजवर जातो, मुलगी घरी बसते. कोणतेही काम हलके नाही. पण ते काम मुलाने स्वतः पसंत केलेले असावे, एका पेपराने त्याच्यावर लादलेले नसावे. सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात नमूद केले की, सहा ते चौदा वयोगटातील पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा मध्येच सोडली. शाळा सुटण्याची कारणे पुष्कळ असतात आणि गरिबी हे त्यांतले मोठे कारण आहे. ते दूर करणे माझ्या हाती नाही. इंग्रजीची भीती मात्र आपण सर्वांनी मिळून कमी करता येण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे हा विषय शिकते. तरीही पेपर जातो, कारण मूल व्याख्या पाठ करते, वाक्याकडे पाहत नाही. 'नाम म्हणजे काय' हे त्याला घडाघडा म्हणता येते, पण समोरच्या वाक्यात नाम कोठे आहे असे विचारले की ते छताकडे पाहू लागते.

आता शब्दांच्या जाती पाहू. इंग्रजीत त्या आठ मानतात. ही आठ नावे तुम्ही मराठीच्या तासाला शिकलेलाच आहात: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्यय. मराठीतल्या आठ जाती आणि इंग्रजीतल्या आठ जाती इतक्या सारख्या कशा? हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी इंग्रजी व्याकरणाची धाटणी समोर ठेवली होती. त्यामुळे ज्याने मराठीचे व्याकरण नीट समजून घेतले, त्याने इंग्रजी व्याकरणाचे अर्धे दार उघडलेलेच असते. थोडा फरक आहे तो शब्दयोगी अव्ययाचा. मराठीत 'टेबलाखाली' असे ते शब्दाच्या मागे लागते, तर इंग्रजीत 'अंडर द टेबल' असे पुढे येते.

आठ हा आकडाही काही पवित्र नाही. अरबी व्याकरणात शब्दांचे तीनच प्रकार सांगितले आहेत: इस्म, फेल आणि हर्फ. इस्म म्हणजे नाम आणि त्याचे सगेसोयरे, फेल म्हणजे क्रियापद, आणि हर्फ म्हणजे जोडकाम करणारे लहान शब्द. संस्कृतात यास्काचार्यांनी चार सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आख्यात म्हणजे क्रियापद. इंग्रजीतही काही पुस्तके 'अ', 'ॲन', 'द' यांना वेगळे काढून नऊ जाती मोजतात. कोणी तीन केले, कोणी चार, कोणी आठ; पण क्रियापदाला वेगळे घर सर्वांनीच दिले आहे. यावरून वाक्यात त्याचा मान किती मोठा आहे ते ओळखावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. वाक्यात तो जे काम करतो त्यावरून ती ठरते. मराठीतला 'गोड' हा शब्द घ्या. 'गोड आंबा' म्हटले की ते विशेषण. 'ती गोड बोलते' म्हटले की क्रियाविशेषण. 'डॉक्टरांनी गोड बंद केले' म्हटले की नाम. शब्द एकच, पण कामे तीन.

इंग्रजीतला 'फास्ट' हा शब्द असाच आहे. 'अ फास्ट बस' म्हणजे वेगवान बस, येथे ते विशेषण आहे. 'ही रन्स फास्ट', तो वेगाने धावतो, येथे क्रियाविशेषण. 'वी फास्ट इन रमजान', आम्ही रमजानमध्ये रोजा ठेवतो, येथे 'फास्ट' क्रियापद झाले. आणि 'शी ब्रेक्स हर फास्ट ॲट सनसेट', ती सूर्यास्ताला रोजा सोडते, येथे तोच शब्द नाम आहे. यातच एक गंमत आहे. सकाळच्या न्याहारीला आपण सारे 'ब्रेकफास्ट' म्हणतो. तो शब्द 'ब्रेक' आणि 'फास्ट' मिळून झाला आहे, म्हणजे रात्रभरचा उपास सोडणे. रोजा सोडणाऱ्या घरातील मुलाला हा शब्द पाठ करावा लागू नये!

मग शब्दाचे काम ओळखायचे कसे? येथे मराठी आणि इंग्रजी यांत मोठा फरक आहे. मराठीत 'मुलीने शेळीला पाहिले' म्हणा किंवा 'शेळीला मुलीने पाहिले' म्हणा, अर्थ बदलत नाही, कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय कोणी पाहिले आणि कोणाला पाहिले ते सांगतात. इंग्रजीत 'द गर्ल सॉ द गोट' म्हणजे मुलीने शेळीला पाहिले. पण शब्द उलटे करून 'द गोट सॉ द गर्ल' म्हटले की शेळीने मुलीला पाहिले. जे काम आपल्याकडे प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागा करते. करणारा क्रियापदाच्या आधी, क्रियापद मध्ये, आणि ज्यावर क्रिया होते तो नंतर. आपल्या मराठीत, उर्दूत आणि दखनीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. म्हणून मराठीतून इंग्रजी करताना पहिले काम हे की, शेवटच्या बाकावर बसलेल्या क्रियापदाला उठवून कर्त्याच्या शेजारी आणून बसवायचे.

क्रियापद नसले तर काय होते, ते पाहायला लांब जायला नको. आपल्या पाथर्डीवरून कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग जातो. त्यावरच्या ट्रकांच्या मागे वर्षानुवर्षे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेले आपण पाहत आलो. या तीन शब्दांचा अर्थ नक्की काय? हॉर्न वाजवा की वाजवू नका? कोणी एक सांगतो, कोणी दुसरे. कारण त्यात क्रियापदच नाही. 'ब्लो हॉर्न' असे लिहिले असते तर 'ब्लो', म्हणजे वाजवा, या क्रियापदाने अर्थ लगेच पक्का केला असता. पुढे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने व्यापारी वाहनांवर हे शब्द लिहिण्यास बंदी घातली. ती बंदी विनाकारण हॉर्न वाजवण्याला आळा बसावा म्हणून होती. व्याकरणाच्या शिक्षकाला मात्र त्यात क्रियापदाचा धडाही दिसतो.

आता गॅरेजकडे वळू. जी मुले तेथे काम करतात त्यांना आपण 'इंग्रजी येत नाही' म्हणतो. ती दिवसभर काय बोलतात ते ऐका: चेक कर, फिट कर, स्टार्ट कर, लोड कर, वेल्ड कर, पॅक कर. यातील 'कर' काढून टाका. जे उरते ते इंग्रजी क्रियापद आहे. 'चेक द ऑइल', 'स्टार्ट द इंजिन', ही पूर्ण, शुद्ध इंग्रजी वाक्ये झाली. मात्र 'टाइट कर' मधून 'कर' काढले तर उरलेले 'टाइट' हे विशेषण आहे. त्याचे क्रियापद 'टाइटन'. चेक आणि टाइट यांतला हा फरक ज्या मुलाला समजला, त्याला शब्दांच्या जाती समजू लागल्या असे खुशाल म्हणावे.

आता क्रियापदाच्या रूपांकडे येतो. इंग्रजी क्रियापद कठीण आहे असा आपला समज आहे. मोजून पाहू. मराठीत वर्तमानकाळी 'जाणे' या क्रियापदाची रूपे किती? जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात. सहा झाली. इंग्रजीत दोनच: 'गो' आणि 'गोज'. स्त्री-पुरुष भेद नाही, 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद नाही. जे मूल सहा रूपे न अडखळता बोलते, त्याला दोन जड का जावीत?

जड जाते ते एका 'एस'मुळे. नामाला 'एस' लागला की अनेकवचन होते, आणि वर्तमानकाळी क्रियापदाला 'एस' लागतो तो एकवचनी कर्त्यासाठी. त्यामुळे मुलाचा गोंधळ होतो. यावर सोपी खूण अशी की, 'एस' एकच, दोघांत एकालाच मिळणार. 'द बॉय प्लेज', येथे क्रियापदाला मिळाला. 'द बॉइज प्ले', येथे नामाला मिळाला. 'द बॉइज प्लेज' लिहिले तर दोघांनी घेतला, म्हणून चूक. 'मेन', 'चिल्ड्रन' अशी अनेकवचने 'एस'शिवाय होतात. तेथे 'द चिल्ड्रन प्ले' असे कोणालाच मिळत नाही. 'आय' आणि 'यू' यांच्या क्रियापदालाही तो मिळत नाही, 'आय प्ले', 'यू प्ले'. एवढे अपवाद ध्यानात ठेवावेत.

एकूण रूपे पाहिली तर 'गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग' ही पाच. बहुतेक क्रियापदांना पाच किंवा त्याहून कमीच असतात. 'पुट' आणि 'कट' यांची तर मूळ रूप, भूतकाळ आणि तिसरे रूप अगदी सारखी. फक्त 'बी' या क्रियापदाची आठ आहेत: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. ही आठ पाठच करा. येथे पाठांतराला पर्याय नाही.

यापुढचा भाग परीक्षेत सर्वांत जास्त गुण घालवतो, म्हणून लक्ष द्या. मुले 'ही कॅन गोज' लिहितात, 'डिड ही वेंट' लिहितात, 'ही डज नॉट गोज' लिहितात. या तिन्ही वाक्यांतील चूक एकच आहे, आणि ती टाळण्याचा नियम तुमच्या तोंडात रोज असतो. 'तो जाऊ शकतो, ती जाऊ शकते, ते जाऊ शकतात.' यात 'जाऊ' बदलला का? नाही, बदलला तो 'शकणे'. उर्दूत 'वो जा सकता है, वो जा सकती है', येथेही 'जा' तसाच. आता नकार पाहा: 'मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत.' 'जात' जागचा हलला नाही. सोबत मदतनीस आला की ओझे मदतनीस उचलतो आणि मुख्य क्रियापद मोकळे राहते. इंग्रजीतही हेच आहे. 'ही डज नॉट गो', येथे 'एस' मदतनीसाने उचलला. 'डिड ही गो', येथे भूतकाळ 'डिड'ने उचलला. 'ही कॅन गो', येथे तर 'कॅन'ला 'एस' लागतच नाही आणि 'गो' मूळ रूपातच राहतो.

मदतनीसांचे तीन नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. 'डू, डज, डिड' आणि 'कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट' यांच्यानंतर मूळ रूप येते. 'हॅव, हॅज, हॅड' यांच्यानंतर तिसरे रूप येते, जसे 'ही हॅज गॉन'. 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर' यांच्यानंतर चालू क्रियेसाठी 'इंग'चे रूप येते, जसे 'ही इज गोइंग', आणि कर्मणी प्रयोगासाठी तिसरे रूप, जसे 'द लेटर इज रिटन'.

आपल्या घरांत उर्दू किंवा दखनी बोलतात आणि मुले शाळेत मराठी शिकतात. अनेक पालकांना वाटते की, एवढ्या भाषांच्या गर्दीत मुलाचे इंग्रजी बिघडते. गर्दीने ते बिघडत नाही. दोन भाषांत फरक कोठे आहे हे कोणी दाखवले नाही, म्हणून बिघडते. एक उदाहरण देतो. 'वो स्कूल जाता है' या वाक्यात 'है' दिसतो, म्हणून मूल 'इज' घालते आणि 'ही इज गो टू स्कूल' लिहिते. त्याला सांगावे की, 'जाता है' म्हणजे नुसते 'गोज', आणि 'जा रहा है' म्हणजे 'इज गोइंग'. 'रहा' आला तरच येथे 'इज' आणि 'इंग' आणायचे. एवढे एक वाक्य समजले तर पेपरातल्या कितीतरी चुका टळतील. तसेच 'मेरे दो भाई हैं' किंवा 'मला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' असले तरी इंग्रजीत 'आर' येत नाही, 'आय हॅव टू ब्रदर्स' असे होते.

मराठीत 'मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले' असे खाण्याच्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलते. पुस्तकी उर्दूतही 'मैंने आम खाया, मैंने रोटी खाई' असेच. इंग्रजीत मात्र काहीही खा, 'आय एट'. आता आपल्यातल्या अनेक घरांतली दखनी ऐका: मुलगा म्हणतो 'मैं रोटी खाया'. 'ने' नाही, आणि क्रियापद रोटीप्रमाणे न बदलता खाणाऱ्याप्रमाणे चालते. या बाबतीत आपली दखनी इंग्रजीच्या अधिक जवळची ठरते. ती मोडकी उर्दू आहे असे समजून पुष्कळ लोक चारचौघांत ती बोलायला लाजतात. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुत्बशहा याने दखनीत कविता लिहिली. तिला स्वतःचे व्याकरण आहे. उर्दूच्या पेपरात उर्दूच्या नियमाने लिहावे हे खरेच. पण घरच्या बोलीची लाज बाळगणाऱ्या मुलाला नवी भाषा बोलण्याचेही धैर्य होत नाही, हे पालकांनी ओळखावे.

क्रियापदाचे आणखी एक काम म्हणजे काळ सांगणे. उर्दूत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. तरी कोणाचा घोटाळा होत नाही, कारण 'कल गया' आणि 'कल जाएगा' यांत काळ क्रियापद सांगते. इंग्रजी वाक्य वाचतानाही काळ क्रियापदातच शोधावा. आणि 'येस्टरडे' हा शब्द दिसला की 'हॅव' आणि 'हॅज' बाजूला ठेवून सरळ भूतकाळ वापरावा: 'आय सॉ हिम येस्टरडे'.

पालक बंधू-भगिनींनो, आता तुमचे काम सांगतो. त्याला इंग्रजी यावे लागत नाही आणि पैसाही लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर मुलाला इंग्रजीच्या पुस्तकातील पाच वाक्ये मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक वाक्यानंतर घरच्या भाषेत तीन प्रश्न विचारा: कोण? काय करतो? केव्हा? मुलाने उत्तर दिले की, 'काय करतो' त्या शब्दावर बोट ठेवायला सांगा. 'कोण' याच्या उत्तरात कर्ता आला, 'काय करतो' यात क्रियापद आले, 'केव्हा' यात काळ आला. मूल अडखळले तर रागावू नका. त्या वाक्यावर पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला सांगा. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळले नाही तरी चालेल. आई विचारणार आहे, एवढे माहीत असले की मूल वाक्याकडे नीट पाहू लागते, आणि आपल्याला तेच तर हवे आहे.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, एक वही फक्त क्रियापदांसाठी ठेवा. आठवड्याला पाच क्रियापदे, त्यांची तीन रूपे आणि प्रत्येकाचे स्वतः केलेले एक वाक्य. वर्षाला अडीचशेच्या वर होतील. वाक्ये आपल्या भोवतीची करा: बाजारची, शेताची, एस. टी. स्टँडची, वडिलांच्या कामाची. आधी ते मराठीत किंवा घरच्या बोलीत मनात म्हणा, मग क्रियापद उचलून कर्त्याजवळ ठेवा आणि इंग्रजी करा. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या तर्खडकर भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले, तीही मराठी वाक्य देऊन त्याचे इंग्रजी करायला लावते. रीत जुनी आहे, पण उपयोगाची आहे.

हल्ली मोबाइलवर कोणतेही वाक्य क्षणात भाषांतरित होऊन मिळते, मग हे कष्ट कशाला, असे कोणी विचारील. परीक्षेच्या वर्गात मोबाइल नेता येत नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस 'व्हाय डिड यू लीव्ह स्कूल?' असे विचारतो, तेव्हा त्यातला 'डिड' आणि 'लीव्ह' ऐकून ज्याला प्रश्न कळतो, त्यालाच उत्तर देता येते. आपल्या मुलामुलींवर त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी आज रात्रीपासूनच पाच वाक्ये आणि तीन प्रश्न एवढे सुरू करावे, अशी सर्व पालकांना नम्र विनंती करतो.